गावच्या यात्रेवर प्रकल्प लिहू का?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकते. माझे गाव खानापूर तालुक्यात आहे. समाजशास्त्रात ‘धर्म आणि समाज’ हा भाग आम्हाला शिकवला, तेव्हापासून पुढे याच विषयाचा अभ्यास करावा असे मला वाटू लागले आहे. तिसऱ्या वर्षी प्रकल्प लिहायचा आहे आणि आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा येत्या वैशाखात 18 वर्षांनी भरणार आहे, म्हणून मी तोच विषय निवडला. घरी हे सांगितल्यापासून मात्र सगळे नाराज आहेत. आप्पा माळकरी आहेत, दरवर्षी पंढरपूरला जातात. ते म्हणतात की धर्म आचरायचा असतो, त्याचा अभ्यास कसला करायचा. काका देवस्की पंचांपैकी, म्हणजे गावच्या देवकार्याचा कारभार पाहणाऱ्यांपैकी, एक आहेत, त्यांनी विचारले, “देवीची चौकशी करायला तुला कॉलेजात घातलं का?” माझी एक मैत्रीण याच्या उलट सांगते. तिच्या मते असा अभ्यास करायचा तर आधी देव मानणे सोडले पाहिजे. मी देवीला हात जोडते आणि मला प्रश्नही पडतात. सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजात धर्म शिकवणे कायद्यात बसत नाही, असेही एकजण म्हणाले. या शिक्षणाचा पुढे उपयोग काय, हा आप्पांचा आणखी एक प्रश्न आहे. मी काय करावे?

— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र वाचताना तुझ्या काकांच्या प्रश्नापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. ‘चौकशी’ हा शब्द त्यांनी रागाच्या भरात वापरला असेल, पण तो अगदी नेमका आहे. आपल्या गावांत वही आणि पेन घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा चौकशीच करायला आलेला असतो. जमिनीची, कर्जाची, रेशन कार्डावरच्या नावांची, आणि सीमाभागात तर घरात कोणती भाषा बोलता याचीसुद्धा. अशा चौकशीतून गावाच्या पदरात काही पडल्याचा अनुभव फारसा नाही. तेव्हा स्वतःची पुतणीच वही घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसणार हे ऐकून काका दचकले, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. चौकशी आणि अभ्यास यांतला फरक तू आधी स्वतःच्या मनाशी स्पष्ट करून घे, म्हणजे तो त्यांना सांगताना अडखळणार नाहीस.

चौकशी करणाऱ्याला शेवटी निकाल द्यायचा असतो. देवी आहे की नाही, ती नवसाला पावते की नाही, याचा निकाल समाजशास्त्र देत नाही आणि तो देण्याचे साधनही त्याच्याजवळ नाही. देवीच्या नावाने माणसे एकत्र येतात तेव्हा ती एकमेकांशी कशी वागतात, कोण कुठे उभा राहतो, पैसा कोणाचा खर्च होतो आणि शब्द कोणाचा चालतो, पंगतीत शेवटी कोण बसते, आणि यात्रेच्या शेवटी देवी गावच्या सीमेकडे निघून गेल्यावर गावात काय बदललेले असते, एवढेच ते पाहते. हे प्रश्न देवीला विचारलेले नाहीत, गावाला विचारलेले आहेत, आणि काका ज्या गावाचे पंच आहेत त्या गावाला ते विचारण्याचा हक्क त्याच गावच्या मुलीला नसेल तर तो दुसऱ्या कोणाला असणार? काकांना हे याच शब्दांत सांगितलेस तरी चालेल.

कायद्याची शंका लवकर मिटण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण, म्हणजे विद्यार्थ्याने एखाद्या धर्माची शिकवण आणि उपासना स्वीकारावी या हेतूने दिलेले शिक्षण, देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे आणि त्यांचा अभ्यास करणे यांना ही मनाई लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवरील निकालात स्पष्ट केले आहे. त्याच्या कितीतरी आधी डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (1948-49) थोर धर्मपुरुषांची चरित्रे, निरनिराळ्या धर्मग्रंथांतील निवडक उतारे आणि धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न पदवीच्या वर्गांत शिकवावेत असे सुचवले होते, आणि कोठारी आयोगाने (1964-66) धर्माचे शिक्षण व धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक करून दुसऱ्याचा पुरस्कार केला होता. तुझ्या महाविद्यालयात जे चालले आहे ते या दुसऱ्या प्रकारातले आहे.

आप्पांचे म्हणणे मात्र इतक्या सहज बाजूला सारू नकोस. धर्म आचरायचा असतो, हे त्यांचे वाक्य अनुभवातून आलेले आहे. उन्हापावसात पंढरीची वाट चाललेल्या माणसाला कुणी पुस्तकातून वारी समजावून सांगू लागले तर त्याला ते पोरकट वाटणारच. पण त्यांनाच एक गोष्ट नम्रपणे विचारून पाहा. गावात सप्ताह बसतो तेव्हा ज्ञानेश्वरीचे पारायण होते, कीर्तनकार अभंगाच्या एका चरणावर दोन-दोन तास निरूपण करतात, आणि कीर्तन संपल्यावर मंडळी मंडपातच बसून त्या निरूपणातले काय पटले आणि काय पटले नाही यावर बोलत राहतात. हा अभ्यास नाही तर दुसरे काय आहे? वारकरी परंपरेत अर्थ विचारण्याला कधीच बंदी नव्हती. फरक एवढाच की त्यांचा अभ्यास परंपरेच्या आत राहून चालतो आणि तुझा अभ्यास कधी आत तर कधी उंबऱ्याबाहेर उभा राहून चालेल. हा फरक त्यांच्यापासून लपवू नकोस. उंबऱ्याबाहेरून जे दिसते ते आतून दिसत नाही, आणि आतून जे कळते ते बाहेरच्याला कळत नाही, एवढे त्यांनी मान्य केले तरी तुमचे बोलणे पुढे सरकेल.

आणि बाहेरून पाहणाऱ्यांनी विठोबाचे काही बिघडवलेले नाही, उलट त्याचा परिसर वाढवला आहे. इरावती कर्वे या मानवशास्त्राच्या प्राध्यापिका दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेल्या आणि त्या चालण्यावर त्यांनी लेख लिहिला. ज्या प्रदेशातले लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. आणि त्याच लेखात, एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगळ्या शिजवतात व वेगळ्या जेवतात हे पाहून मनाला लागलेली बोचही त्यांनी लिहून ठेवली. प्रेम आणि अस्वस्थता एकाच लेखणीतून, एकमेकींना न झाकता उतरल्या आहेत. मला या विषयाचे याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही, म्हणून तो लेख तू शोधून वाच, आणि जमल्यास आप्पांना वाचून दाखव. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवांपर्यंत मागे नेऊन पाहिले आणि तो शोध घेताना कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्र हे तिन्ही प्रदेश एकत्र वाचले. पंढरपुरात होयसळ राजा सोमेश्वर याचा 1237 सालचा दानलेख आहे, तो संस्कृत आणि कन्नड भाषेत आहे. आपल्या संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, आणि पुरंदरदासांसारख्या कन्नड हरिदासांनी आपल्या पदांच्या शेवटी नाममुद्रा म्हणून त्याच विठ्ठलाचे नाव घातले. खानापूर-बेळगावकडच्या मुलीला हे सारे पुस्तकात शोधावे लागत नाही, दारातून दिंडी जाते तेव्हा दोन्ही भाषांतले नामस्मरण कानावर पडते. ज्या सीमेने आपल्याला इतके सोसायला लावले, तिनेच या अभ्यासासाठी लागणारा कान आपल्याला दिला आहे, असे मला मनापासून वाटते.

आता तुझ्या मैत्रिणीविषयी. तिने बहुधा मार्क्सचे धर्म म्हणजे अफू हे वचन ऐकलेले असेल. 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात या वचनाच्या अगदी आधी मार्क्सने धर्माला पिडलेल्या जीवाचा उसासा म्हटले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. धर्मावर इतकी कडक टीका करणाऱ्यालाही आधी तो उसासा ऐकावा लागला होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम हा तर रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, घरात जन्मलेला आणि स्वतः अश्रद्ध झालेला माणूस. धार्मिक जीवनाच्या प्राथमिक रूपांवरच्या 1912 सालच्या ग्रंथात त्याने लिहिले की कोणताही धर्म मुळात खोटा नसतो, कारण प्रत्येक धर्म माणसाच्या जगण्यातल्या कोणत्या तरी खऱ्या स्थितीला उत्तर देत असतो. म्हणजे अश्रद्ध अभ्यासकाला श्रद्धा गंभीरपणे घ्यावी लागते, आणि श्रद्धाळू अभ्यासकाला आपली श्रद्धा थोडा वेळ बाजूला ठेवून पाहता यावे लागते. या दोघांपैकी कोणाचेच काम सोपे नाही. देवीला हात जोडायचे की नाही हे तुझे तू ठरव. त्याची परीक्षा मार्गदर्शक घेणार नाहीत, मैत्रिणीनेही घेऊ नये.

या संदर्भात मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी 1935 मध्ये येवल्याला केली आणि बौद्ध धम्माची दीक्षा 1956 मध्ये नागपूरला घेतली. मधली 21 वर्षे त्यांनी निरनिराळे धर्म, त्यांचे ग्रंथ, त्यांचा इतिहास आणि त्या-त्या समाजातली माणसाची जागा यांचा विचार करण्यात घालवली. लाखो माणसांचे आयुष्य ज्या निर्णयाने बदलले, त्याच्या पाठीशी इतका दीर्घ अभ्यास होता. धर्माचा अभ्यास कसला करायचा, या प्रश्नाला याहून भक्कम उत्तर मला देता येणार नाही.

तुझ्या यात्रेकडे वळते, कारण खरे बोलण्यासारखे तिथेच आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली लक्ष्मी यात्रा ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की ती त्या थोड्या दिवसांपुरती नसते. पंचांची बैठक होऊन तारीख धरली की वर्गणी ठरते, घरांना रंग लागतो, अडलेली बांधकामे पूर्ण होतात, वार पाळणूक सुरू होते आणि ठरलेल्या वारी शेतातली कामे थांबतात. देवीच्या मूर्तीचे रंगकाम, रथाची जुळणी, गाऱ्हाणे, अक्षतारोपण, गावभर मिरवणूक, ओट्या भरणे, आणि शेवटी देवीचे सीमेकडे प्रस्थान, यांतल्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या घराण्याचा मान आहे, कोणत्या भावकीचा हक्क आहे, सुताराचे काम कोणते आणि हलगी वाजवणाऱ्याचे कोणते, हे ठरलेले असते. हा ठराव कुठे लिहिलेला नसतो आणि तरीही सगळ्यांना पाठ असतो. एखाद्या वर्षी एखाद्या मानावरून वाद होतो तेव्हाच तो बाहेर पडतो, म्हणून वाद झालाच तर तोंड फिरवू नकोस, कोणाची बाजूही घेऊ नकोस, फक्त दोन्हीकडचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेव.

18 वर्षांचे अंतर हे तुझ्या हातातले मोठे साधन आहे. मागच्या यात्रेत तू अगदी लहान असशील, पण तुझ्या आजीने त्याच्याही आधीच्या यात्रा पाहिल्या असतील. मधल्या काळात गावातली मुले गोव्याला, पुण्याला कामाला गेली, शेती कमी झाली, काही घरे शिकून बाहेर पडली, काहींना नवीन पैसा आला. मान जुन्याच घरांकडे राहिला आहे का, की ज्याने रथाला मोठी देणगी दिली त्याच्याकडे तो हळूहळू सरकतो आहे? बाहेर गेलेली मुले यात्रेला न चुकता परततात ती देवीसाठी, गावासाठी, की आपण अजून या गावचे आहोत हे चारचौघांत दिसावे म्हणून? दुर्खाइमने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींवरून ज्या सामूहिक उत्साहाविषयी लिहिले आणि जो पाहायला तो स्वतः कधी तिथे गेला नाही, तो तुला घराच्या ओसरीवरून दिसणार आहे.

त्यातही मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट तुझ्याच घरात आहे, आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही. आपल्याकडच्या लक्ष्मी यात्रेत पाहुण्यांसाठी मटणाच्या पंगती उठतात. देवळाच्या आवारात बळी देण्यास कर्नाटकात 1959 च्या कायद्याने बंदी असली तरी घरोघरचे जेवण वेगळे. तुझे आप्पा माळकरी आहेत. मग यात्रेच्या त्या दिवशी आप्पा कुठे जेवतात? त्यांची चूल वेगळी मांडतात का, ती कोण मांडते, पाहुण्यांपुढे ते कुठे बसतात, आणि ग्रामदेवतेच्या मानाला ते जातात की नाही? एकाच छपराखाली विठोबाचा धर्म आणि लक्ष्मीचा धर्म पिढ्यान्‌पिढ्या नांदले आहेत, भांडले आहेत, एकमेकांना सांभाळून घेत आले आहेत. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कोडगू लोकांवरच्या 1952 सालच्या पुस्तकात संस्कृतीकरणाची कल्पना मांडली. खालच्या मानल्या गेलेल्या जाती मांस-मद्य सोडून, वरच्यांचे आचार उचलून आपला दर्जा वाढवू पाहतात, असे त्यांचे निरीक्षण होते. गळ्यातली तुळशीची माळ या चौकटीत बसते का? मला वाटते, पूर्णपणे बसत नाही, कारण माळ घालणाऱ्याने तुकोबा आणि चोखोबा यांना गुरू मानलेले असते, आणि त्यांच्याकडे कोणी दर्जा वाढवायला जात नाही. पण हे माझे मत आहे. तू आप्पांना विचारून, तुझ्या गावातल्या इतर माळकऱ्यांना विचारून माझे मत खोडून काढलेस तरी मला आनंदच होईल.

बायकांकडे विशेष लक्ष दे. पुरुष अभ्यासकाला रथ दिसतो, लेझीम दिसते, पंचांची बैठक दिसते. माजघर दिसत नाही. पहाटे तीनला उठून भाकऱ्या बडवणाऱ्या बायका त्या वेळी काय बोलतात, अनेक वर्षांनी माहेरी आलेली लेक देवीपुढे कशासाठी रडते, ओटी भरताना कोणाला पुढे बोलावले जाते आणि कोणती विधवा स्वतःहून मागे सरते, कोणाला ‘त्या दिवसांत’ बाजूला बसवले जाते, हे तुला दिसेल. ते लिहिताना तुला त्रास होईल, कारण या तुझ्या काकू आणि आत्या आहेत.

त्या त्रासाविषयी मला माझा एक अनुभव सांगितला पाहिजे. विद्यार्थिनी असताना मी माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. कोल्हापूरकडून आलेली एक वयस्क जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली बाई, भेटली. देवीला कधी सोडले, घरची माणसे कोण, पोट कशावर चालते, अशा माझ्या सगळ्या प्रश्नांना तिने शांतपणे उत्तरे दिली. शेवटी ती म्हणाली, “एवढं लिवलंस, आता वाचून दाव की.” मी इंग्रजीत लिहिले होते, आणि तेही रकान्यांतल्या आकड्यांत. तिच्या आयुष्यातले तिला वाचून दाखवता येईल असे एकही वाक्य माझ्या कागदावर नव्हते. तिने काही दोष दिला नाही, परडी उचलली आणि ती गर्दीत निघून गेली. देवाला मुली सोडण्याची चाल बंद करण्यासाठी मुंबई प्रांतात 1934 मध्ये आणि कर्नाटकात 1982 मध्ये कायदे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. त्या चालीत बायकांचे जे शोषण झाले त्याला श्रद्धेचे नाव देऊन झाकता येणार नाही. पण त्या बाईची यल्लम्मावरची माया आणि तिच्यावर झालेला अन्याय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि माझ्या रकान्यांत दोन्हींपैकी एकही मावली नव्हती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे की ज्याच्याविषयी लिहिता त्याला वाचून दाखवता येईल असे लिहा. याचा अर्थ गोड तेवढेच लिहा असा नाही. गावात एखाद्या वस्तीला रथाला हात लावू देत नसतील तर ते लिहावेच लागेल, आणि तुझ्या काकांना वाचून दाखवतानाही ते वाक्य गाळता येणार नाही. मात्र वाक्य असे असावे की काकांना राग आला तरी, हे खोटे आहे, असे म्हणता येऊ नये. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिही, जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हे आपल्या वहीत नोंदवून ठेव, आणि प्रकल्पात माणसांची नावे बदल. ज्यांनी विश्वासाने घरातले दुःख सांगितले असेल त्यांना विचारल्याशिवाय ते छापील कागदावर आणू नकोस, मग त्याने तुझा प्रकल्प कितीही उठावदार होणार असला तरी. आणि ज्या वस्तीत तू एरवी जात नाहीस तिथे आवर्जून जा. श्रीनिवासांसारख्या मोठ्या अभ्यासकालाही, ज्या रामपुरा गावाचा त्यांनी अभ्यास केला तिथे, ब्राह्मण म्हणूनच वागवले गेले आणि गावाची काही दारे त्यामुळे अर्धवटच उघडली. तू पंचांच्या घरातली मुलगी आहेस; लोक तुझ्याशी बोलताना तुझ्या काकांशी बोलत असतात, हे विसरून चालणार नाही. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: श्रीनिवासांनी तयार केलेली टिपणे 1970 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली आणि रामपुऱ्यावरचे पुस्तक त्यांना मुख्यतः आठवणीतून लिहावे लागले. तुझ्या वहीच्या पानांचे रोज मोबाइलवर फोटो काढून दुसरीकडे साठवून ठेव.

भाषेविषयी थोडे सांगते. शाळेत कन्नड शिकली असशीलच, पण आता ती वाचण्यापुरती आणि माणसांशी बोलण्यापुरती नीट सुधारून घे. तुमच्या शेजारच्या कन्नड गावांत ग्रामदेवतेला द्यामव्वा म्हणतात आणि तिची जत्राही अशीच काही वर्षांच्या अंतराने भरते; दोन्ही यात्रा शेजारी ठेवून पाहिल्यास तर तुझ्या प्रकल्पाला जी खोली येईल ती केवळ मराठी वाचून येणार नाही. बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांची वचने मूळ कन्नडमध्ये वाचता आली तर बाराव्या शतकात देऊळ, जात आणि श्रम यांविषयी कोणते प्रश्न विचारले गेले ते समजेल, आणि मग आपल्या संतांकडेही तू नव्या नजरेने पाहशील. मराठीवरचे आपले प्रेम यामुळे तसूभरही कमी होत नाही. प्रकल्प मराठीत लिहिता येत असेल तर मराठीतच लिही.

उपयोगाच्या प्रश्नाला आप्पांना सरळ उत्तर दे, कारण तो प्रश्न बापाच्या काळजीतून आलेला आहे. समाजशास्त्रात एम. ए. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात करता येते. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेत समाजशास्त्र आहेच, शिवाय तौलनिक धर्म अभ्यास हाही स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक म्हणून घेता येते आणि त्यात धर्म आणि समाज हे संपूर्ण प्रकरण आहे. पत्रकारिता, समाजकार्य, वस्तुसंग्रहालये, कायदा या क्षेत्रांतही हे ज्ञान लागते. मात्र नोकरी लवकर मिळेल अशी खात्री मी देणार नाही, एम. ए. बरोबर बी. एड. किंवा दुसरे एखादे पोटापाण्याचे शिक्षण हाताशी असू दे. हे मी अनेक हुशार मुलींची वाट घरच्या परिस्थितीमुळे अडलेली पाहिल्यावर सांगते आहे.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा. वार पाळणूक सुरू होण्याआधी एका संध्याकाळी काकांकडे जा, पण प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नकोस. मागच्या यात्रेच्या जमाखर्चाची वही त्यांच्याकडे किंवा दुसऱ्या एखाद्या पंचांकडे असेल, ती दाखवाल का, एवढेच विचार. ते वही उघडतील तेव्हा कोणत्या घरची वर्गणी किती होती, रथाला लाकूड कोणत्या रानातून आणले, वाजंत्री कुठून बोलावली होती, हे एकेक पान उलटताना ते स्वतःच सांगू लागतील. तू फक्त ऐक, आणि त्यांनी परवानगी दिली तरच लिहून घे. नाही म्हणाले तर महिनाभराने पुन्हा जा. आप्पांना मात्र आजच विचार की यात्रेत ते कुठे जेवतात. त्यांच्या उत्तरावर जी पहिली चार पाने लिहिशील ती मार्गदर्शकांना देण्याआधी त्यांना वाचून दाखव, आणि ते जिथे थांबवतील तिथे पेन्सिलीने खूण कर.